तेरचा त्रिविक्रम : महानगर गेले, देऊळ उरले

आजचा धागा एका देवळाच्या भेटीविषयी आहे. हे देऊळ धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीकाठच्या तेर या गावी आहे. गाव लहान, गल्ल्या अरुंद. आणि देऊळ असे, की समोरून जाणाऱ्याने मान वर केली नाही तर त्याचे वेगळेपण लक्षातही येऊ नये. परंतु ज्या काळी हे उभे राहिले, त्या काळी हे गाव नव्हते. ते दख्खनमधील एक फार मोठे नगर होते, आणि त्याची कीर्ती समुद्रापलीकडील व्यापाऱ्यांच्या कानावर गेलेली होती. त्या नगरातील घरे, बाजार, वखारी, कोट यांपैकी आज जमिनीवर जवळपास काहीही उभे नाही. हे देऊळ तेवढे उभे आहे. ते का उरले, हा आजचा प्रश्न.

प्रथम नगराविषयी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पुस्तक ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. त्यात भडोच बंदराचे वर्णन करताना तो दक्षिणापथातील दोन बाजारपेठा विशेष म्हणून सांगतो. पहिली पैठण, भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणहून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांवर. आणि तगराला तो ‘फार मोठे नगर’ असे विशेषण लावतो. रस्ते नाहीत अशा विस्तीर्ण मुलखातून गाड्या भरून माल भडोचला उतरत असे. पैठणहून अकीक, तर तगराहून जाडेभरडे कापड, नाना तऱ्हांची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून तेथे येऊन पडलेला इतर माल. पुढच्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव येते.

हे तगर नेमके कोठले, याविषयी एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी बराच खल केला. कोणी देवगिरीकडे बोट दाखवले, कोणी जुन्नरकडे, कोणी आणखी कोठे. कोकणच्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरूद येत होते; म्हणजे आपले मूळ त्या नगरात आहे, असे ते अभिमानाने सांगत होते. पण त्या राजांची राज्ये तर किनाऱ्यावर आणि कोल्हापुराकडे! त्यामुळे गोंधळ वाढलाच. अखेर १९०१ साली जॉन फ्लीट या लेखविद्येच्या अभ्यासकाने तगर म्हणजेच तेर, असे ठामपणे मांडले.

त्याच्या मांडणीतील मला सर्वांत आवडणारा भाग भाषेचा आहे, कारण तो पडताळून पाहण्यासाठी कोणत्याही ग्रंथालयात जावे लागत नाही. संस्कृत ‘नगर’ या शब्दातील ‘ग’ प्राकृतात झिजून लोपला, उरलेले स्वर एकमेकांत मिसळले आणि ‘नेर’ झाले. संगमनेर, पारनेर, अंमळनेर ही नावे आपण रोज उच्चारतो. अगदी त्याच वाटेने ‘तगर’चे ‘तेर’ झाले.

अंतरांचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरते. वीस दिवसांनी भागले तर दिवसाला सतराएक किलोमीटर. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशेच्या आसपास. दहा दिवसांनी भागले तर दिवसाला पंधरा. मालाने लादलेल्या बैलगाडीची ही चाल दोन्ही टप्प्यांवर जुळते. दिशा मात्र पूर्व नसून आग्नेय आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण स्वतः तिकडे न जाता भडोचच्या धक्क्यावर ऐकीव माहिती टिपून घेणाऱ्या माणसाची एवढी चूक पोटात घालायला हरकत नसावी.

फ्लीटच्या लेखानंतर लगेच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला आले. मुख्य उद्देश जुन्या नगराच्या खुणा पाहणे हा होता. त्यांना सर्वांत मोठी खूण गावातल्या नांदत्या देवळात सापडली.

त्रिविक्रमाचे देऊळ पाहायला जाल, तेव्हा एक करा. समोरून आत शिरण्याआधी बाजूने आणि मागून त्याचा आकार नीट पाहून घ्या. समोरचा सपाट छताचा मंडप पुढच्या काळात जोडलेला आहे. तो क्षणभर डोळ्यांआड करा. मग उरते ते लांबट, विटांचे गर्भगृह. त्याची मागची भिंत काटकोनात वळत नाही. ती अर्धवर्तुळात फिरते. वरचे छप्पर शिखराचे नाही, तर पालथ्या ढोलासारखे, पाठीमागे गोल उतरत गेलेले आहे. बसलेल्या हत्तीची पाठ जशी दिसावी तसे. म्हणूनच शिल्पशास्त्राने या घाटाला ‘गजपृष्ठ’ असे नाव दिले. आणि दर्शनी बाजूस, मंडपाच्या छताच्या वर, घोड्याच्या नालासारखी कमान.

ही कमान आपण पाहिलेली असते. कार्ल्याला, भाज्याला, अजिंठ्याच्या चैत्यगृहांच्या कपाळावर हीच कमान आहे. फरक इतकाच, की तेथे ती डोंगराच्या पोटात कोरलेली आहे. कोरणाऱ्यांनी लाकूड-विटांच्या बांधीव इमारतींची नक्कल दगडात केली, हे लेण्यांतील लाकडी फासळ्या पाहिल्यावर कोणाच्याही ध्यानात येते. परंतु ज्यांची नक्कल केली त्या मूळ बांधीव इमारती कोठे आहेत? लाकूड कुजले, जळले. विटा लोकांनी काढून नेल्या. त्या घाटाची, जमिनीवर बांधलेली आणि छपरासकट उभी असलेली वास्तू भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे. आंध्रातील चेजर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर हे एक, आणि तेरचा त्रिविक्रम हे दुसरे. कार्ल्याचे लेणे पाहून आलेल्या प्रत्येकाने तेरला यावे, असे मी म्हणतो ते याचसाठी. तेथे प्रतिबिंब पाहिले. येथे बिंब आहे.

आत गर्भगृहात त्रिविक्रमाची मूर्ती आहे. बळीच्या कथेतील वामन विराट होऊन एक पाय आकाशाकडे उचलतो, तो क्षण. मूर्ती वास्तूच्या मानाने बरीच अलीकडची आहे.

कझिन्स यांनी निष्कर्ष काढला, की ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती. कालांतराने स्तूप जाऊन तेथे विष्णूची स्थापना झाली. तेरला पुढे झालेल्या उत्खननांनी या तर्काला बळ दिले. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. नंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने वेळोवेळी खोदकाम केले. सातवाहन काळातील भरभराटीचे थर मिळाले आणि विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. तगरात बौद्ध वस्ती होती, याविषयी आता शंका उरलेली नाही.

तरीही ‘आधी बौद्ध, मग हिंदू’ असे एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे, एवढे हे प्रकरण सोपे नाही. समाजमाध्यमांवर हे देऊळ अधूनमधून येते ते याच एका वाक्याच्या निमित्ताने, आणि मग कोणी कोणाचे बळकावले यावर शेकडो प्रतिसाद पडतात. त्यांत वास्तूकडे पाहिलेले फार थोडे असतात.

अडचण अशी, की गजपृष्ठ घाट ही एका धर्माची मिरास नव्हती. विदिशेजवळ बेसनगरला, वासुदेवाचा भक्त म्हणवणाऱ्या हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने जो गरुडस्तंभ उभारला, त्याच्यालगत लंबवर्तुळाकार देवालयाचा पाया सापडला आहे आणि तो वैष्णव आहे. आंध्रातील गुडिमल्लमचे शिवालय मागे अर्धगोल आहे. ऐहोळेचे प्रसिद्ध दुर्ग मंदिर, सातव्या-आठव्या शतकातील, तेही मागून गोल. (तेथील ‘दुर्ग’ म्हणजे किल्ला, देवी नव्हे, ही चूक मार्गदर्शकही करतात.) तेव्हा त्या शतकांत देवघर बांधायचे म्हटले की गवंड्याला जे दोन-चार घाट येत असत, त्यांतला हा एक होता. बुद्धाच्या उपासकाने सांगितले तर आत स्तूप, भागवताने सांगितले तर आत मूर्ती. त्रिविक्रमाच्या देवळाची वीट स्वतःचा धर्म सांगत नाही. कझिन्सांचा तर्क बहुधा बरोबर असेल, माझाही कल तिकडेच आहे. पण तो तर्क आहे, आणि ज्या गावात बौद्ध, जैन, शैव, वैष्णव असे सगळेच एकाच भट्टीच्या विटा वापरीत होते तेथे तर्काने पाऊल जपून टाकावे.

या सरमिसळीचे इतर पुरावे गावातच आहेत. जैनांचे प्राचीन क्षेत्र येथे आहे. अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ‘तेरापुर’ येते आणि त्याच्याजवळच्या डोंगरातील लेण्यांचेही वर्णन येते. धाराशिव शहरालगतची लेणी ती हीच, असे मानतात. विशेष म्हणजे त्या लेण्यांविषयीही ती मुळात बौद्ध की जैन, हा वाद अभ्यासकांत आहेच. इसवी सन ६१२ मधील, दुसऱ्या पुलकेशीच्या एका ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी म्हणून नोंदला आहे. उत्तरेश्वराचे शिवालय विटांचे, आणि त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट ही महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या लाकूडकामांपैकी एक.

येथे थोडे दूर, जपानला जाऊन येऊ. कारण नेमका हाच गुंता तेथे सरकारी आदेशाने सोडवायचा प्रयत्न झाला होता. तोक्योच्या आसाकुसा भागात सेन्सो-जी हे बौद्ध मंदिर आणि त्याला अगदी खेटून आसाकुसा हे शिंतो देवस्थान आहे. परंपरा सांगते, की ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती आली आणि गावच्या मुखियाने तिची पूजा मांडली. मंदिर त्या बोधिसत्त्वाचे. आणि शेजारचे देवस्थान कोणाचे, तर त्या तीन माणसांचे. मूर्ती शोधणारे स्वतः देव झाले! बौद्ध आणि शिंतो यांची अशी एकाच आवारातील नांदणूक जपानभर हजार वर्षे चालू होती. १८६८ साली मेइजी सरकारने दोहोंची फारकत करण्याचा हुकूम काढला. अनेक ठिकाणी स्तूपमनोरे पाडले गेले, मूर्ती फोडल्या गेल्या किंवा विकल्या गेल्या. आसाकुसातही कागदोपत्री दोन संस्था झाल्या. मार्च १९४५ च्या बाँबवर्षावात सेन्सो-जीचे मुख्य सभागृह जळून गेले. १६४९ साली शोगुन इएमित्सुने बांधवलेले शिंतो देवस्थान मात्र वाचले. मुख्य सभागृह पुन्हा उभे राहिले ते १९५८ साली, म्हणजे चापेकर तेरची माती खणत होते त्याच वर्षी. आज तेथे जाणारा भाविक आधी एकीकडे हात जोडतो, मग दुसरीकडे टाळ्या वाजवून नमन करतो, आणि आपण दोन धर्मांच्या हद्दी ओलांडल्या हे त्याच्या गावीही नसते.

तेरला असा फारकतीचा हुकूम कधी निघाला नाही. निघाला असता, तर कमान एकाला आणि मूर्ती दुसऱ्याला द्यावी लागली असती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महानगर गेले आणि हे देऊळ का उरले?

मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात. शतकानुशतकांची घरे पडून, राख-शेण-माती साचून तिथली जमीन पांढुरकी होते. ही माती धाब्याच्या घरावर पसरायला उत्तम, कारण ती पाणी लवकर झिरपू देत नाही. आणि शेतात टाकली तर खत म्हणूनही चालते. तेरभोवती अशा पांढऱ्या आहेत. पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्यांतून माती नेली, विटा नेल्या. तगराचे नगर असे टोपलीटोपलीने तेरच्या घरांत आणि शेतांत गेले. यात कोणाचाही दुष्टावा नव्हता. पडीक इमारतीची वीट कामाला लावणे हा शहाणपणाच होता, आणि तेरची वीट तर फारच उपयोगाची. ती मोठी, तरी सच्छिद्र आणि हलकी असे. इतकी, की तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे येथे कौतुकाने दाखवले जाते. घडवताना मातीत मिसळलेले भाताचे तूस भट्टीत जळून जाई आणि आत पोकळ्या राहात.

म्हणजे जी इमारत पडीक झाली, ती गेली. स्तूप पडीक झाला आणि पायापुरता उरला. ज्या इमारतीत रोज दिवा लागत होता, तिच्या विटेला कोणी हात लावला नाही. आत काय होते ते बदलले, पुढे मंडप चढला, गिलावे झाले, चुन्याचे हात बसले; पण छप्पर गळू लागले की ते दुरुस्त करणारे कोणीतरी दर पिढीला होते. देव बदलला म्हणून ही वास्तू भ्रष्ट झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे, की न बदलती तर ती पांढरीत गेली असती. आणि जे तिचा आधीचा इतिहास नाकारतात, त्यांनी एकदा देवळामागे जाऊन ती गोल भिंत पाहून यावी.

पांढरीत गेलेल्यांपैकी काही मात्र एका माणसामुळे वाचले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतांत, पावसाने उघड्या पडलेल्या काठांवर सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्येच आहे. देऊळ पाहून झाल्यावर तेथे जाणे चुकवू नये. मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती, पांढऱ्या केओलीन मातीच्या साच्यातून काढलेल्या नाजूक बाहुल्या, रोमन नाण्यांवरून मातीत उठवलेली पदके. आणि एक छोटीशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली सापडली. पॉम्पेई गाडले गेले ७९ साली. म्हणजे त्याआधी ती तेथे पोहोचलेली होती. पेरिप्लसकाराने गाड्या, वाटा, भडोच बंदर असे जे लिहून ठेवले, त्याचा दाखला या दोन मूर्ती देतात. उत्तरेश्वराची ती लाकडी चौकटही आता संग्रहालयातच आहे.

त्रिविक्रमाच्या देवळाबाबतची खरी काळजी येथेच सुरू होते. संग्रहालयातील वस्तू सुरक्षित आहेत, पण स्थिर आहेत. देऊळ जिवंत आहे, म्हणून बदलते. एखादा श्रद्धाळू दाता उद्या चकचकीत फरशी, सिमेंटचा गिलावा, तैलरंग देऊ करील, आणि त्याचा हेतू शुद्धच असेल. जुन्या सच्छिद्र विटेवर सिमेंट चढले की आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि वीट आतून भुगा होते. चुन्याच्या गिलाव्यात ती श्वास घेते. राज्यात कित्येक जुन्या देवळांचे हेच झाले आहे. दीड हजारांहून अधिक वर्षे ज्या दुरुस्तीने ही वास्तू जगवली, ती चुन्याच्या हाताने आणि माफक खर्चाने केलेली दुरुस्ती होती. जीर्णोद्धाराच्या हौसेपेक्षा तो कंजूषपणा बरा.

भेटीविषयी शेवटचे. तेरला बहुतेक लोक येतात ते त्रिविक्रमासाठी नव्हे, गोरोबाकाकांसाठी. संत गोरा कुंभार याच गावचे. नदीकाठी काळेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. परंपरेनुसार त्यांचे समाधीचे वर्ष शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोण पक्के, कोण कच्चे हे गोरोबांनी पारखले आणि नामदेव कच्चे मडके ठरले, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. मातीच्या विटांचे नगर, मातीच्या बाहुल्यांचे संग्रहालय आणि मातीचीच मडकी पारखणारा संत, असा हा गाव आहे.

चैत्र वद्यात समाधीची यात्रा भरते. त्या दिवसांत दिंड्या येतात, दुकाने लागतात, एरवी सुन्या असलेल्या गल्ल्या माणसांनी भरतात. जायचे तर तेव्हा जा. गर्दीतून वाट काढत त्रिविक्रमाच्या गल्लीत या, आणि दर्शन झाले की देवळाला वळसा घालून मागे जाऊन उभे राहा.